पाठ केलेले आकडे

नापास झालेल्या डॉक्टरला सल्ला द्यायचा परवाना सगळ्यांकडे असतो. माझा पहिल्या खेपेचा निकाल लागला आणि शहापूरच्या बाजारपेठेत माझ्या दवाखान्यासमोर ज्यांचं भांड्यांचं दुकान आहे, त्यांनी मला पहाटे उठून वाचायला सांगितलं. त्यांच्या मेव्हण्यांनी भिजवलेले बदाम सुचवले. मुंबईच्या एका वर्गमैत्रिणीने व्हिडिओ पाठवला. त्यात एक तज्ज्ञ पंचवीस मिनिटं वाचा आणि पाच मिनिटं थांबा, हे चाळीस मिनिटं न थांबता सांगत होता. मी तो शेवटपर्यंत पाहिला, यावरून माझी अक्कल तेव्हा कुठे गेली होती ते समजावं.

परीक्षा होती औद्योगिक आरोग्याची. माणसाला त्याच्या कामामुळे काय होतं आणि ते होऊ नये म्हणून काय करायचं, एवढाच त्या शास्त्राचा विषय. मुरबाडच्या औद्योगिक वसाहतीत लोखंडी पाइप बनवणाऱ्या एका कारखान्यात मी आठवड्यातून तीन दिवस डॉक्टर म्हणून जाते. तिथल्या एचआर साहेबांनी मला बोलावून, माझ्याकडे न बघता टेबलावरच्या काचेखालच्या कॅलेंडरकडे बघत सांगितलं, की डॉक्टरकडे या विषयाचं प्रमाणपत्र असायलाच हवं, असा नियम आहे. पहिल्या खेपेला नाही जमलं, समजू शकतो, दुसऱ्या खेपेलाही नाही जमलं तर नाइलाजाने दुसरा डॉक्टर बघावा लागेल. मला ते काम हवं होतं. दवाखान्यात मी सर्दी-खोकल्याची डॉक्टर आहे. कारखान्यात एवढ्या माणसांचे कान, पाठी आणि फुप्फुसं माझ्या भरवशावर आहेत, असा माझा समज होता आणि तो मला फार आवडायचा.

पहिल्या खेपेला मी अभ्यास केला नव्हता असं नाही. जिवाचं रान करून मूर्खपणा केला होता. आमचा, म्हणजे परीक्षेला बसलेल्या डॉक्टरांचा, व्हॉट्सअ‍ॅपवर एक ग्रुप होता. सकाळी त्यावर गुलाबाची फुलं यायची आणि दुपारी मागच्या वर्षांचे प्रश्न. एक सीनियर होते, ते दर रविवारी 'हमखास येणारे' प्रश्न उत्तरांसकट टाकायचे आणि आम्ही शिकलीसवरलेली माणसं खाली हात जोडलेली चित्रं टाकायचो. मी ती उत्तरं छापून घेतली. पिवळा, गुलाबी आणि हिरवा असे तीन मार्कर आणले. काय महत्त्वाचं ते ठरवता येईना म्हणून सगळंच रंगवलं. पानं अशी झाली की भाचीने ती तिच्या चित्रकलेच्या वहीत लावायला मागितली.

पेपरात आवाजावर प्रश्न आला. मागच्या वर्षी विचारलं होतं, आवाजापासून कामगाराच्या कानांचं रक्षण कसं कराल. यंदा विचारलं होतं, कामगाराच्या कानात काही घालण्याआधी मालकाने काय काय करायला हवं. मी 'आवाज' आणि 'कान' हे दोन शब्द पाहिले आणि सुटले. कानात घालायची बोंडं, कानावर घालायच्या वाट्या, ती धुवायची कशी, सुकवायची कशी, दीड पान. बोंडांच्या आधी काय, याबद्दल एक अक्षर नाही. आणि या विषयाचा गाभाच तो आहे. आधी यंत्र सुधारा, नाहीतर यंत्र झाका, नाहीतर माणसाला त्याच्यापासून लांब ठेवा आणि सगळे उपाय हरले तर शेवटी माणसाच्या कानात बोंडं कोंबा. मी शेवटापासून सुरू केलं आणि तिथेच संपवलं. असे आणखी तीन-चार प्रश्न झाले. हमखास उत्तरं मी हमखास लिहिली, प्रश्न फक्त दुसरे होते.

निकालानंतर सल्ला न देणारा एकच माणूस होता, तो म्हणजे माझे वडील. भातसानगरला धरणाच्या दरवाज्यांवर त्यांनी मदतनीस म्हणून नोकरी केली. आमच्या बौद्धवाडीत ते अजून घड्याळाप्रमाणे जेवतात. लहानपणी त्यांनी माझा अभ्यास घेतला तो एकाच रीतीने: पुस्तक मिटायचं आणि सांगायचं. त्यांना स्वतःला त्यातलं काही कळायचं नाही आणि न कळण्याची त्यांना लाज नव्हती. या वेळीही त्यांनी माझं ते जाडजूड इंग्रजी पुस्तक मांडीवर घेतलं, मिटलेलंच, आणि म्हणाले, "सांग." मी मराठीत सांगू लागले. कुठे अडखळले की ते हात वर करायचे. "अडखललीस गो. तुलाच समाजला नाय, मना काय समाजवतेस? परत सांग."

आठवडाभरात माझ्या लक्षात आलं की मला या विषयातलं जवळजवळ काही येत नव्हतं. रंगवलेल्या पानांकडे बघून मान डोलवायला तेवढं येत होतं. मार्कर भाचीला देऊन टाकले. ग्रुप सोडला नाही, पण आवाज बंद केला. धुळीचा धडा मी कारखान्यात जिथे पाइप घासतात तिथे उभी राहून वाचला, उष्णतेचा भट्टीजवळ. सकाळपासून काय काय करता, असं माणसांना विचारत फिरले. संध्याकाळी घरी येऊन वडिलांना पुस्तक मिटून सगळं सांगायचं. चार दिवसांनी तेच परत, मग दहा दिवसांनी परत. यात कसलाही चमत्कार नव्हता, म्हणून याचा कुणी व्हिडिओ काढत नसावं.

परीक्षेला साधारण दोन आठवडे उरले असताना कारखान्यातली वार्षिक वैद्यकीय तपासणी आली. वार्षिक तपासणी हा आमच्याकडे मंडप घालून करायचा कार्यक्रम आहे. कँटीनशेजारी कापडी मांडव, खुर्च्या आणि 'आरोग्य हीच संपत्ती' असा फलक. फलकावर साहेबांचा फोटो मोठा आणि आरोग्य लहान. वेळ वाचावा म्हणून साहेबांनी रजिस्टरच्या प्रत्येक ओळीत आधीच 'फिट' असा शिक्का मारून ठेवलेला असतो. डॉक्टरने फक्त तपासायचं. गेली तीन वर्षं मी ते रजिस्टर पाहिलं होतं आणि शिक्क्याबद्दल एकदाही तोंड उघडलं नव्हतं.

तपासणीत एक वही असते. तिच्या पानापानावर रंगीत ठिपके असतात आणि ठिपक्यांच्या गर्दीत दुसऱ्या रंगाच्या ठिपक्यांनी एक आकडा काढलेला असतो. ज्याला लाल आणि हिरव्यातला फरक कळतो त्याला आकडा दिसतो, ज्याला कळत नाही त्याला दुसराच आकडा दिसतो किंवा नुसते ठिपके. क्रेन चालवणारा, वायरमन, गाडी चालवणारा, यांना ही वही दाखवायचीच. आमच्या वहीतल्या आकड्यांचा क्रम मला तोंडपाठ होता. बारा, आठ, एकोणतीस, पाच, तीन, पंधरा, चौऱ्याहत्तर. त्यामुळे मी वहीचं तोंड माणसाकडे करून पानं उलटायचे, स्वतः वहीची पाठ बघत बसायचे, आणि आकडे आले की कागदावर खुणा करायचे. हे काम फार वेगाने व्हायचं. साहेबांनी माझ्या वेगाचं कौतुक केलं होतं आणि मी ते घरी सांगितलं होतं.

त्या दिवशी अकरा माणसं झाली. अकरा जणांनी बारा, आठ, एकोणतीस म्हटलं आणि अकरा वेळा मी बरोबरची खूण केली. बारावा माणूस त्याच आठवड्यात कामाला लागलेला होता. तो म्हणाला बारा, आठ, आणि तिसऱ्या पानाला म्हणाला, चौऱ्याहत्तर.

"नीट बघा," मी म्हटलं.

त्याने नीट बघितलं. मग मागच्या रांगेकडे बघितलं. रांगेतून कुणीतरी खोकलं. "एकोणतीस," तो खाली मान घालून म्हणाला.

त्याला चूक दाखवून द्यावी म्हणून मी वही माझ्याकडे वळवली. पानावर चौऱ्याहत्तर होतं. लख्ख. वहीची शिवण सुटली म्हणून आमच्या सिस्टरने आदल्या दिवशी ती दोऱ्याने परत बांधली होती आणि तिसरं पान शेवटी गेलं होतं, शेवटचं तिसरं झालं होतं. सिस्टरने मला ते सकाळीच सांगितलं होतं. मी हो हो म्हटलं होतं.

रंगांचा दोष असलेल्या माणसाला त्या पानावर एकवीस दिसतो. एकोणतीस जगातल्या कुठल्याही रोगात दिसत नाही. एकोणतीस दिसायला पाठांतर लागतं. माझ्या समजुतीप्रमाणे धडधाकट डोळ्यांची अकरा माणसं समोर ढळढळीत चौऱ्याहत्तर असताना एकोणतीस म्हणाली होती, आणि डॉक्टरने त्यांना शाबासकी दिली होती. ज्या एकाने दिसलं ते सांगितलं, त्याला मी दम देऊन सुधारलं होतं. मला आधी त्या अकरा जणांचा राग आला. एवढं साधं काम, डोळे उघडून बघायचं, तेही यांना नको. मग आवाज आणि कान दिसताच दीड पान लिहिणारी बाई आठवली आणि राग गिळावा लागला.

जेवणानंतर मी सगळ्यांना पुन्हा बसवलं. या खेपेला पानं वाटेल तशी उलटली आणि स्वतःही बघितली. सगळ्यांनी बरोबर आकडे वाचले, कुणी हसत, कुणी ओशाळत. एक सोडून. तो क्रेन चालवणारा होता, पंचेचाळिशीचा, डोळखांबकडच्या एका पाड्यावरचा. चौऱ्याहत्तरला त्याने एकवीस म्हटलं, एकोणतीसला सत्तर म्हटलं, बारा तेवढं बरोबर सांगितलं, बाकीच्या पानांना नुसते ठिपके म्हणाला.

त्याची गोष्ट कारखान्यात सगळ्यांना ठाऊक होती, मलाही. घरची भात-नाचणीची शेती दिवाळीपर्यंत आटपायची, मग सगळं बिऱ्हाड वीटभट्टीवर. तो या कारखान्यात हेल्पर म्हणून आला, बघून बघून क्रेन शिकला, आणि क्रेनवर कायम झाल्यापासून त्याची बायको आणि दोन मुली बारा महिने पाड्यावर राहत होत्या. मुली शाळेत जात होत्या. क्रेन गेली की हे सगळं गेलं, हे त्याला माझ्यापेक्षा चांगलं कळत होतं.

आकडे सगळ्यांना त्यानेच शिकवले होते. पहिल्या वर्षी रांगेत उभं राहून पुढच्यांचं ऐकून त्याने क्रम पाठ केला. नंतर दर वर्षी तपासणीआधी कंत्राटदाराच्या गाडीत, किन्हवली ते मुरबाड, तो एकेकाचा अभ्यास घ्यायचा. आपण पान म्हणायचं, समोरच्याने आकडा म्हणायचा, चुकला की परत पहिल्यापासून. चार दिवस रोज. माझ्या वडिलांनी त्याला लगेच पसंत केलं असतं. मी त्याला विचारलं, की तुम्हाला दिसत नव्हतं म्हणून तुम्ही पाठ केलं हे समजलं, पण ज्यांना दिसतं त्यांना कशाला शिकवलंत?

"बाई, मना वाटला कोनालाच दिसत नाय," तो म्हणाला. "ठिपक्यांत आकडा कसा दिसल? मना वाटला ही पाठांतराची परीक्षा हाय. म्हनून सगल्यांला शिकवला."

मला हसू आलं नाही. क्रेनचं त्याने समजावून सांगितलं. खांबावरच्या पेटीत दोन दिवे आहेत, लाल लागला की खाली माणूस आहे, थांबायचं, हिरवा लागला की उचलायचं. त्याला दोन्ही एकाच रंगाचे दिसतात. पण डावा म्हणजे थांब आणि उजवा म्हणजे उचल, हे त्याला पक्कं माहीत आहे. वायरमनने पेटी बदलताना दिवे उलटे बसवले तर? मग पहिल्या दिवशी विचारून घेतो, तो म्हणाला. आणि सांगणारा कुणी नसला तर, हे मी विचारलं नाही.

उपाय मला ठाऊक होता, कारण त्याच धड्यावर मी नापास झाले होते. आधी यंत्र सुधारायचं, माणूस हलवणं सगळ्यात शेवटी. लाल दिव्याबरोबर वाजणारा एक भोंगा लावायचा आणि दिव्याखाली ठळक अक्षरांत 'थांब' लिहायचं. एका दुपारचं काम. मी 'फिट' या शिक्क्यावर काट मारली आणि रजिस्टरमध्ये स्वच्छ अक्षरांत लिहिलं, की यांना लाल-हिरवा फरक कळत नाही, पेटीला भोंगा आणि अक्षरं लावावीत, ते होईपर्यंत यांना क्रेनवर ठेवू नये. लिहिताना मला स्वतःचा फार अभिमान वाटला. पहिल्यांदाच पुस्तकातलं काहीतरी मी माणसासाठी वापरत होते.

साहेबांनी त्यातलं शेवटचं वाक्य वाचलं. मी पुढच्या खेपेला कारखान्यात गेले तेव्हा तो पॅकिंगमध्ये पाइपांना सुतळी बांधत होता, पुन्हा हेल्पर. क्रेनवर दुसरा माणूस होता. मी साहेबांकडे गेले. भोंग्याची मागणी वर पाठवली आहे, असं ते म्हणाले, आणि सुरक्षेच्या बाबतीत कंपनी तडजोड करत नाही, असंही म्हणाले. ज्या माणसाने वर्षानुवर्षं न तपासताच 'फिट' छापलं, त्याने हे माझ्या तोंडावर सांगितलं.

मी तिथे भांडायला हवं होतं. ते काम ओळखीच्या वायरमनकडून दुपारपर्यंत करून घेता आलं असतं. पण माझ्या तोंडी परीक्षेला कारखान्यातल्या अनुभवाचं पत्र न्यायचं होतं, ते साहेबांच्या सहीचं होतं, आणि सही अजून व्हायची होती. परीक्षेला दहा-बारा दिवस होते. एकदा परीक्षा झाली की बघू, असं मी ठरवलं. त्यालाही तेच सांगितलं. तो बरं म्हणाला. घरी जाऊन मी वडिलांना उपायांचा क्रम पुस्तक मिटून घडाघडा सांगितला, आधी यंत्र, शेवटी माणूस. एकदाही अडखळले नाही.

पेपरात प्रश्न आला: धोका लक्षात आल्यावर उपाय कोणत्या क्रमाने कराल, एक उदाहरण देऊन लिहा. मी क्रेन लिहिली. डावा दिवा, उजवा दिवा, भोंगा, अक्षरं. इतकं चांगलं उत्तर मी आयुष्यात लिहिलं नसेल. तोंडी परीक्षेला दोन परीक्षक होते. त्यातले वयस्कर, माझं उत्तर वाचलेले, खुशीत होते. सगळे मुलगे-मुली पुस्तकातली उदाहरणं देतात, म्हणाले, तुम्ही तुमच्या हाताखालचं दिलंत. मग सहज, चष्मा पुसता पुसता, त्यांनी विचारलं, की मग तो भोंगा बसवला का?

मी हो म्हटलं.

इतर कुठल्याही प्रश्नाला मी इतक्या चटकन उत्तर दिलं नव्हतं. त्यांनी मान डोलावली आणि पुढचं विचारलं.

मी पास झाले. चांगली पास झाले. ग्रुपवर सत्तावीस जणांनी हात जोडले, सीनियरांनी हा आपल्या हमखास प्रश्नांचा विजय असल्याचं जाहीर केलं, भांडीवाल्यांनी विचारलं की शेवटी पहाटेच उठलात ना. प्रमाणपत्राची प्रत घेऊन मी साहेबांकडे गेले आणि त्या दिवशी मात्र आवाज चढवला. वायरमनला स्वतः बोलावलं, पेटीजवळ उभी राहिले. दुपारच्या जेवणाआधी भोंगा वाजला. माझं उत्तर खोटं होतं ते दीड महिन्याने खरं झालं.

आता त्याला क्रेनवर परत घ्या, असं मी साहेबांना सांगितलं. ते म्हणाले, जागा भरली आहे, नव्या माणसाची तपासणीही झालेली आहे. कुणी केली, विचारलं. तुम्ही परीक्षेच्या रजेवर होता तेव्हा बाहेरच्या डॉक्टरला बोलावलं होतं, म्हणाले, पाच मिनिटांत काम झालं. नव्याने बारा, आठ, एकोणतीस म्हटलं असणार. त्याला रंग दिसतात की नाही, ते तपासायचं मीही पुढच्या खेपेवर ढकललं.

मी पॅकिंगमध्ये गेले. तो पाइपांच्या थप्पीवर बसून सुतळी कापत होता. मी बोलायला सुरुवात केली, जागेबद्दल, साहेबांबद्दल, पुन्हा अर्ज करू याबद्दल. त्याने मला अर्ध्यावर थांबवलं. मुलींना बायकोबरोबर भट्टीवर पाठवायचं ठरलं होतं, दिवाळीनंतर. हे त्याने सांगितलं आणि लांबून भोंगा वाजला तसा तिकडे कान देऊन तो म्हणाला, चांगला वाजतो.

मग मला विचारलं, "तुमी पास झाल्या ना?"

मी हो म्हटलं.

"मग बरा झाला," तो म्हणाला. त्याच्या आवाजात कसलाही टोमणा नव्हता. "आपल्यातली एक तरी पास झाली."